अंगठ्याचे पैसे मालकाने द्यायचे

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यातल्या एका तीस वर्षांच्या पोराचा उजवा अंगठा मुंबईजवळच्या समुद्रात, तेलाच्या कामावरच्या बार्जवर, विंचच्या (जड ओझं ओढायच्या यंत्राच्या) वायरात सापडून गेला. कंत्राटदाराने पन्नास हजार हातावर ठेवले, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही घेतली आणि गावाकडं धाडून दिलं. आता त्याच्यासाठी मदत मागायची म्हणून आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर वाद पेटलाय. महाराष्ट्र सरकारने द्यायची की कर्नाटकाने? एकजण म्हणतो, महाराष्ट्र मागतोय त्या 865 गावांत आपण येतो, मुंबईला अर्ज करूया. दुसरा म्हणतो, मतं इथं देतो, तर बेंगळुरूनंच द्यावी. ज्याच्या कामावर अंगठा गेला, त्याचं नाव कुणी काढत नाही.

मला याचा संताप येतो. सीमाप्रश्न मला परका नाही. एक नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत मीही चाललोय, आणि 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेल्या दाव्याची बातमी आजही आधी वाचतो. पण अंगठ्याला सीमाप्रश्नात कशाला ओढता?

कायदा सरळ आहे. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यात (आता त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, हा अपघात त्याआधीचा) देणं मालकाचं. त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करत बसावं लागत नाही. अंगठा गेला म्हणजे कमाईची ताकद 30 टक्के गेली, हे परिशिष्टातच छापलंय. पगार जास्त असला तरी हिशोबाला महिना 15,000 च धरतात, हा अन्याय आहेच. त्याचे 60 टक्के, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला तीस वयाचा आकडा 207.98, त्याचे 30 टक्के. होतात 5,61,546 रुपये. वर उपचाराचा खर्च, आणि महिन्याभरात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज. कोऱ्या कागदावरच्या सहीला घाबरायचं कारण नाही, हक्क सोडल्याचा करार कलम 17 नुसार रद्दच. अपघात मुंबईच्या समुद्रातला असला तरी दावा बेळगावात लावता येतो. मुदत दोन वर्षांची, त्यातलं दीड वर्ष सरलंय.

इकडं स्कॉटलंडात ॲबर्डीनला कामावर चढताना मला कुणी जिल्हा विचारला नाही. मालकाचं किमान पन्नास लाख पौंडांचं विमापत्र कामगाराला दिसेल असं ठेवावं लागतं, 1969 पासूनचा कायदा आहे. माझा खांदा दुखावला तेव्हा युनियनच्या बाईनेच फॉर्म भरून घेतला, आणि फोरमन दुसऱ्या दिवशी माझ्याशी पूर्वीसारखाच बोलला. हे आपोआप आलेलं नाही. 1988 मध्ये इथल्या समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर 167 माणसं गेली, तेव्हा कुठे समुद्रावरच्या सुरक्षेचे नियम मुळापासून बदलले. आपल्याकडेही 2005 ला मुंबई हायचा तेलाचा प्लॅटफॉर्म जळाला, 2021 च्या तौक्ते वादळात पी-305 बार्ज बुडाली. त्यातून गावातल्या बापाला दाव्याचा अर्ज कुठे द्यायचा एवढं तरी कळायला हवं होतं.

मी हे ग्रुपवर लिहिलं तर उत्तर आलं, ‘तुला काय जातंय लांब बसून सांगायला? पौंडात मिळतंय की.’ ते लागलं. इथं कुठला विचारलं तर मी नुसतं बेळगाव म्हणतो, पुढे महाराष्ट्र की कर्नाटक हे सांगावं लागत नाही. त्याचं मला सुख वाटतं, आणि असं सुख वाटतं म्हणून रात्री झोपही लागत नाही. परत येईन असं मी आता आईलाही सांगत नाही.

मग त्या पोराच्या वडिलांचा फोन आला. खरी अडचण त्यांनी सांगितली. कंत्राटदार आपल्यातलाच, मराठी, दरवर्षी गणपतीची मोठी पावती त्याचीच. ‘आपल्या माणसावर केस कशी घालायची?’ मी म्हटलं, काका, अंगठापण आपल्याच माणसाचा गेलाय. पगाराच्या पावत्या आणि दवाखान्याचे कागद एका पिशवीत घाला आणि बेळगावच्या वकिलाकडे जा. अर्ज कन्नडात लिहावा लागला तर कन्नडात लिहून घ्या. वकिलाची फी मी पाठवतो.