दुरुस्तीची बातमी होत नाही

माणसाच्या शरीरात त्याच्या स्वतःच्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात, हे वाक्य मीही अनेकांना मोठ्या उत्साहाने ऐकवले आहे. ते १९७० च्या दशकातल्या एका ढोबळ अंदाजावर उभे होते. २०१६ मध्ये रॉन सेंडर, शाई फुक्स आणि रॉन मिलो यांनी हिशेब नव्याने मांडला, तेव्हा सुमारे ३० लाख कोटी पेशींना ३८ लाख कोटी जिवाणू, म्हणजे जवळजवळ बरोबरीचे प्रमाण निघाले आणि त्या सगळ्या जिवाणूंचे वजन भरले जेमतेम २०० ग्रॅम. जुने वाक्य मात्र अजूनही फिरतेच आहे.

झाडांच्या बाबतीत तर कल्पनेने फारच मोठी झेप घेतली. १९९७ मध्ये सुझन सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी कार्बनची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) वापरून बर्च आणि डग्लस फर यांच्या रोपांमध्ये कार्बनची देवाणघेवाण होते, हे दाखवले आणि ती मुळांवरच्या बुरशीच्या तंतूंमधून होत असावी, असे मांडले. प्रयोग महत्त्वाचा होता, पण पुढे त्यावरून आई-झाड आपली लेकरे ओळखते, त्यांना भरवते, धोक्याची सूचनाही देते, इथपर्यंत मजल गेली. २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा या मायेच्या गोष्टीला प्रत्यक्ष जंगलातील प्रयोगांचा आधार सापडला नाही; शिवाय कार्बन बुरशीच्या जाळ्याखेरीज नुसत्या मातीतूनही जाऊ शकतो, हा मुद्दा त्यांनी पुढे आणला. यांपैकी जोन्स या १९९७ च्या शोधनिबंधाच्या सहलेखिका होत्या, याचे मला सर्वांत जास्त कौतुक वाटते. बुरशी झाडाला फॉस्फरस मिळवून देते आणि मोबदल्यात त्याची साखर घेते, हे पक्के ठाऊक असलेले सत्य मला पुरेसे अद्भुत वाटते. त्यात आईचे काळीज घालण्याची गरज नाही.

मातीविषयी २०२३ मध्येच आलेला आकडाही असाच अर्धा वाचला गेला. पृथ्वीवरच्या ५९ टक्के प्रजाती मातीत राहतात, हा ठळक मथळा सर्वांनी पाहिला. त्यापुढची १५ टक्क्यांची कमी-अधिक मर्यादा आणि मुळे मातीत असल्यामुळे बहुसंख्य वनस्पतीही या गणतीत धरल्या आहेत, ही बाब किती जणांनी पाहिली?

फिनलंडमधील पाळणाघरांचा २०२० चा प्रयोगही मला याच सावधपणे वाचावासा वाटतो. अंगणात जंगलाची जमीन आणून पसरल्यावर २८ दिवसांत तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील प्रतिकारशक्तीचे काही निर्देशक बदलले. मुले ७५ होती. मातीत खेळणारी मुले कमी आजारी पडतात, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. त्यासाठी कितीतरी अधिक मुलांचे आजारपण वर्षानुवर्षे नोंदवावे लागेल.