एकाच जॉबचे दोन रिपोर्ट: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी तुमच्या जॉबचे दोन्ही प्रोग्रॅम उघडून बघायचे होते. काल दुपारनंतर तेवढंच काम केलं.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. बीडाचा (ओतीव लोखंडाचा) एक वाकडा ब्रॅकेट, म्हणजे हा जॉब, तुम्ही आमच्याकडे सीएमएमवर (टोकाचा छोटा गोळा टेकवून मापं घेणाऱ्या मशिनवर) मोजायला पाठवला. पहिल्या रिपोर्टमध्ये बोअरची (त्यातल्या गोल भोकाची) सेंटर हाइट ०.३१ मिलिमीटरने चढी आली, म्हणजे रिजेक्ट. दोन दिवसांनी तोच जॉब, तेच मशिन, आणि हाइट फक्त ०.०३ चढी, म्हणजे ओके. "मशिन खोटं की माणसं खोटी?" असं तुम्ही विचारलंय. शिवाय अलाइनमेंटच्या (जॉब कुठे आणि कसा ठेवलाय हे मशिनला समजावण्याच्या) नावाखाली आम्ही दोन तास घालवले आणि त्याचंही बिल लावलं, तर दुसऱ्या एका लॅबनं तोच जॉब अर्ध्या तासात सगळा हिरवा, म्हणजे पास, दाखवला, असंही लिहिलंय.

आधी आमची चूक सांगतो. पहिला रिपोर्ट आमच्या दारातून बाहेर पडायलाच नको होता. टेम्पोवाल्यानं जॉब आणि एक चिठ्ठी दिली, "बोअरची सेंटर हाइट तेवढी बघा." ड्रॉइंग सोबत नव्हतं. त्या वेळी आम्ही फोन करून ड्रॉइंग मागायला हवं होतं. मागितलं नाही. जॉबवर एक मशिनिंग केलेला सपाट फेस दिसला, तो लेव्हलला घेतला, त्याच्यावरून हाइट काढली आणि रिपोर्ट दिला. कुठून मोजलं हे रिपोर्टवर एका शब्दानंही लिहिलं नाही. मशिनवर त्या संध्याकाळी जो मुलगा होता त्याच्यावर मी काही ढकलणार नाही. ड्रॉइंगशिवाय जॉब टेबलवर घ्यायचा नाही हा नियम मी घालून द्यायचा होता, तो मी घातला नव्हता.

तुम्ही रिव्ह्यूत एक गोष्ट लिहिली नाही, ती मीच लिहितो. आमच्या त्या रिपोर्टवर विश्वास ठेवून तुम्ही व्हीएमसीचा (मिलिंग मशिनचा) ऑफसेट, म्हणजे कटाची जागा, ०.३ नं खाली घेतला आणि पुढचे चार जॉब तसेच काढले. ते चारही बिघडले. फोनवर हे सांगताना तुमचा आवाज चढला नव्हता, आणि ते मला जास्त लागलं.

आता दोन आकडे का आले ते. मशिन दोन्ही वेळा खरंच बोललं. बोअर कुठे आहे हे मशिनला बरोबर कळलं होतं. आम्ही त्याला विचारलेला प्रश्न दोन वेळा वेगळा होता.

कुठलाही जॉब टेबलवर ठेवला की तो सहा प्रकारे हलू शकतो, तीन दिशांना सरकू शकतो आणि तीन अक्षांभोवती फिरू शकतो. हे सहाही बांधल्याशिवाय "हाइट" या शब्दाला अर्थ नसतो. चौकोनी ब्लॉक असेल तर सोपं असतं. वरच्या फेसवर तीन पॉइंट घेतले की लेव्हल झाली, बाजूला दोन घेतले की दिशा मिळाली, टोकाला एक घेतला की शून्य ठरलं. आमच्या लाइनीत याला तीन-दोन-एक म्हणतात. तुमच्या ब्रॅकेटला मात्र सरळ बाजूच नाही. एक हात वाकलेला, मधे रिब, पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ) तिरकी. म्हणून डिझाइनवाल्यानं ड्रॉइंगवर सहा डेटम टार्गेट, म्हणजे मोजमाप जिथून धरायचं त्या जागा, दिलेत. ए१, ए२, ए३ खालच्या तीन कास्ट पॅडवर (ओतीव उंचवट्यांवर), बी१, बी२ बाजूला, सी१ टोकाला. सगळे कच्च्या कास्टिंगवर आहेत. मशिनिंग केलेल्या फेसवर एकही नाही. त्याला कारण आहे. कोअर (साच्यात पोकळी ठेवणारा गाभा) थोडा सरकला तरी बोअरभोवतीची भिंत सगळीकडे पुरेशी जाड राहायला हवी, म्हणून मोजमाप कास्टिंगच्या अंगावरूनच सुरू करायचं.

आम्ही पहिल्यांदा जो फेस धरला तो साठ मिलिमीटर चौकोनी आहे. त्याच्यावर आमचे पॉइंट जेमतेम ५० मिलिमीटर अंतरावर पडले. हा फेस कास्ट पॅडच्या मानानं ५० मिलिमीटरमध्ये ०.०५ कलला आहे. ड्रॉइंगमध्ये त्याला ०.१ ची सूट आहे, म्हणजे फेस स्वतः पास. पण त्याच कलत्या फेसला आपण "आडवा" म्हटलं आणि तिथून २८० मिलिमीटर लांब असलेल्या बोअरकडे बघितलं, तर ०.०५ चे २८० भागिले ५० पट होतात, म्हणजे ०.२८. छोट्या पायावर लांब काठी उभी केल्यासारखं आहे हे. पाया केसभर कलला की टोक बोटभर हलतं. ०.३१ मधून ०.२८ वजा करा, ०.०३ उरतात. दुसऱ्या रिपोर्टचा आकडा नेमका तोच आहे. ड्रॉइंगप्रमाणे खरा आकडा ०.०३, आणि ±०.१५ च्या टॉलरन्समध्ये (चालणाऱ्या फरकात) तुमचा पहिला जॉब पास होता.

आता दोन तासांचं. इथं मात्र मी तुमच्याशी सहमत नाही, आणि ते स्पष्टच सांगतो.

असा वाकडा जॉब टेबलवर नीट बसत नाही. आम्ही तो तीन स्क्रू जॅकवर ठेवला आणि फक्त हलू नये एवढाच हलक्या हातानं धरला. जोरात क्लॅम्प केला तर हात वाकतो आणि सुटला की परत जातो. रिपोर्टमध्ये मग क्लॅम्प मोजला जातो, जॉब नाही. त्यानंतर खरी अडचण येते. ड्रॉइंग सांगतं, ए२ इथून एवढ्या अंतरावर. पण "इथून" म्हणजे कुठून? जॉब अलाइन झाल्याशिवाय मशिनला ते ठाऊक नसतं, आणि अलाइन करायला तोच ए२ लागतो. म्हणून आधी जॉयस्टिकनं हातानं अंदाजे सहा पॉइंट घेतले आणि कच्चं अलाइनमेंट केलं. मग मशिन स्वतः टार्गेटवर गेलं. पहिल्या फेरीत ए२ चा पॉइंट पॅडच्या कडेला, पार्टिंग लाइनच्या उरलेल्या फ्लॅशवर (पातळ कंगोऱ्यावर) बसला. रुबीचा लाल गोळा त्या खरबरीत कडेला टेकलेला मी स्वतः वाकून बघितला. त्यावरून पुन्हा अलाइन केलं, पुन्हा सहा पॉइंट घेतले. दुसऱ्या फेरीत पॉइंट पॅडच्या आत आले, तरी आधीच्या जागेपासून ०.४ सरकलेले. तिसऱ्या फेरीत सरकणं ०.०२ वर आलं, तेव्हाच थांबलो आणि बोअर मोजला. या फेऱ्या टाळता येत नाहीत. टाळल्या तर आकडा येतो, पण त्या आकड्यावर ऑफसेट बदलायची हिंमत कुणी करू नये.

बी१ त्या वाकड्या हाताच्या गोलाईवर आहे, तिथंही वेळ गेला. गोळा पृष्ठभागाला काटकोनात टेकला नाही तर तो भलत्याच ठिकाणी टेकतो, आणि सॉफ्टवेअर त्रिज्या वजा करतं ती चुकीच्या दिशेनं. चार मिलिमीटरचा गोळा आणि २० अंशांचा उतार असेल तर एवढ्यातच ०.१३ च्या आसपास चूक होते. तुमचा जवळजवळ सगळा टॉलरन्स एका पॉइंटात संपला असता. त्या पॉइंटची दिशा कॅड मॉडेलवरून घेतली, म्हणून तुमच्याकडे मॉडेलची फाइल मागितली होती.

आणखी एक. दुसऱ्यांदा जॉब आला तेव्हा भर दुपार होती, निपाणीहून टेम्पोत उन्हात आलेला. हात लावला तर गरम. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे आणि आमची खोली त्याच्याच आसपास असते. बीड फार फुगत नाही, पण १५ अंशांच्या फरकानं २८० मिलिमीटरवर चाळीसेक मायक्रॉन (०.०४ मिलिमीटर) होतातच. ॲल्युमिनियम असतं तर दुप्पट. म्हणून जॉब रात्रभर खोलीत ठेवला. त्या थांबण्याचे पैसे आम्ही लावलेले नाहीत, बिलात बघा.

दुसऱ्या लॅबच्या हिरव्या रिपोर्टबद्दल. तुम्ही पाठवलेल्या पानावर वर "बेस्ट फिट" लिहिलंय. बेस्ट फिटमध्ये सॉफ्टवेअर जॉबला मॉडेलवर असं सरकवतं आणि फिरवतं की सगळे फरक मिळून कमीत कमी व्हावेत. एका जागची चूक ते सगळीकडे थोडी थोडी वाटून टाकतं. त्या लॅबचं चुकलं असं मी म्हणत नाही, मागितलं ते त्यांनी दिलं. नव्या पॅटर्नचं (साच्याच्या नमुन्याचं) पहिलं कास्टिंग आलं, सगळीकडे मशिनिंगला माल आहे का एवढंच बघायचंय, तर मीही बेस्ट फिटच करीन. पण ड्रॉइंगवर डेटम टार्गेट दिलेले असताना जॉब पास की नापास हे बेस्ट फिटवर ठरवता येत नाही. तुमचा गिऱ्हाईक कागल एमआयडीसीत असो नाहीतर पुण्यात, तो आपल्या गेजवर जॉब त्या सहा पॉइंटांवरच बसवणार.

आता पुढचं. पहिल्या रिपोर्टचे सगळे पैसे परत केलेत, काल संध्याकाळी खात्यावर टाकलेत. बिघडलेल्या चारपैकी दोन जॉबना अजून फिनिश बोरिंग (बोअरचा शेवटचा कट) झालेलं नाही आणि बाजूला अर्धा मिलिमीटर माल आहे, असं तुम्ही फोनवर म्हणालात. ऑफसेट मूळच्या जागी आणला तर ते दोन्ही वाचतील. फिनिशच्या आधी आमच्याकडे पाठवा, पैसे घेणार नाही. उरलेल्या दोन कास्टिंगची किंमत फाउंड्रीच्या बिलाप्रमाणे आम्ही देऊ. दुसऱ्या रिपोर्टचं बिल मात्र आहे तसंच राहील. ते काम आम्ही नीट केलंय.

आजपासून आमच्या प्रत्येक रिपोर्टच्या पहिल्या पानावर जॉब कसा ठेवला त्याचा फोटो आणि अलाइनमेंट कुठल्या पॉइंटांवर केलं ते लिहिलेलं असेल. ड्रॉइंग नसेल तर जॉब टेबलवर जाणार नाही, मग टेम्पोवाला कितीही घाईत असू दे. आमच्याकडे येणारे बरेचसे जॉब कास्टिंगचेच असतात. बेळगावजवळच्या उद्यमबागेतल्या, मच्छेतल्या आणि होनग्यातल्या छोट्या शॉपवाल्यांनाही हेच सांगतो, चिठ्ठीपेक्षा ड्रॉइंगचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवा. डेटमची खूण दिसली तरी आमचं निम्मं काम होतं.

तुमच्याकडून एकच हवंय. तो फेस ज्या पहिल्या ऑपरेशनमध्ये मिल होतो, तिथल्या फिक्स्चरची (जॉब धरणाऱ्या चौकटीची) एक पिन ए३ वर न टेकता गेटच्या (साच्यात बीड शिरतं त्या तोंडाच्या) बाजूला पंधरा-वीस मिलिमीटर सरकून टेकते असं मला जॉबवरच्या खुणेवरून वाटतंय. तिथं ग्राइंडर फिरलेला आहे, चकाकी दिसते. फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करताना) किती घासलं जाईल ते दर कास्टिंगला बदलणार, आणि फेसचा कलही त्याच्याबरोबर बदलणार. आज ०.०५ आहे, उद्या ०.१ च्या बाहेर गेला तर तुमचा पुढचा लॉट अडकेल. ते दोन जॉब पाठवाल तेव्हा फिक्स्चरही टेम्पोत टाका. ग्रॅनाइटच्या टेबलवर ठेवून तीनही पिनांच्या जागा मोजू आणि किती सरकवायच्या ते कागदावर लिहून देतो.