पालीचं सोवळं

भिंतीवरच्या पालीला केरसुणी दाखवण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या घराण्याच्या वारसाने लेस्टरमध्ये बसून पालीचं शौचालय साफ करावं, हा काळाचा महिमा. पाल साधीसुधी नाही, लेपर्ड गेको आहे. मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताकडची. तिच्या बोटांना चिकट गाद्या नसल्याने ती आपल्या पेटीच्या काचेवर चढत नाही. पापण्या मात्र असतात, त्यामुळे आपण घासत असताना ती शांतपणे डोळे मिटून घेते.

बाई स्वतः भारी सोवळ्याची. झोपायच्या जागेपासून लांबचा एक कोपरा ठरवून रोज तिथेच जाते. त्या कोपऱ्यात किचन रोलची घडी ठेवली की रोजचं काम मिनिटाचं. पाण्याची वाटीही रोज बदलायची. घडी चुकवून फरशीवर पडलं, तर तपकिरी भाग सुटतो, पण पांढरा खडा सिमेंट होऊन बसतो. ते यूरिक ॲसिड. कोरड्या मुलखातला प्राणी, लघवीत पाणी कशाला घालवेल? सुरीने खरवडू नका. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं फवारून पाच मिनिटं थांबा, मग पुसा. खडा पिवळा दिसू लागला तर फडकं बाजूला ठेवा आणि तिला पाणी कमी पडतंय का ते बघा.

खोलीला वास येतो तो बहुधा तिचा नसतोच, रातकिड्यांच्या डब्याचा असतो. न खाल्लेले किडे रात्री आत ठेवले तर ते उलट तिलाच कुरतडतात. एखादा निसटला तर फ्रिजमागे बैठक मांडून पहाटेपर्यंत गातो.

महिन्यातून एकदा मोठी सफाई. आधी पेटीतला उबेचा दिवा बंद करून गार होऊ द्यायचा, तापलेल्या काचेवर गार फवारा पडला तर ती तडकते. तिला पोटाखालून हात घालून उचलायचं, शेपटी धरायची नाही. तुटली तर नवी येते, पण मुळ्यासारखी जाडजूड. कात टाकायच्या दिवसांत मोठी सफाई नकोच. कात ती स्वतःच खाऊन टाकते, आपण फक्त बोटांवर कातीचे वेढे राहिलेत का ते पाहायचं. राहिले तर बोट गळतं.

आता मराठी माणसाची खरी परीक्षा: डेटॉल नाही, फिनाईलही नाही. पाण्यात दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशक बहुधा फिनॉलवालं असतं आणि सरपटणाऱ्या प्राण्यांना ते बाधतं. प्राण्यांसाठीचं एफ-टेन नावाचं जंतुनाशक लिटरभर पाण्याला 4 मिली पुरतं. ब्लीच वापरणार असाल तर व्हिनेगरची बाटली दुसऱ्या खोलीत ठेवा. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू होतो. मग खळखळून धुवा आणि खडखडीत वाळवा.

पण सगळंच लख्ख करू नका. तिच्या वासाची एखादी फरशी तशीच परत ठेवा, नाहीतर बाई परक्या घरात आल्यासारखी रुसते आणि जेवण टाकते.

तिची वाटी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीच धुवायची नाही, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची भीती असते. बादली, ब्रश, स्पंज सगळं वेगळं हवं, आणि बादलीवर मार्करने ठळक लिहून ठेवायला हवं. नाहीतर सुट्टीला आलेल्या मावशी त्याच बादलीत पालक धुवायला बसतात.