संभाव्य उपद्रवींसाठी मार्गदर्शन

ऑस्ट्रेलियाचा स्टुडंट व्हिसा आल्याचं स्टेटस खुशाल टाका. मात्र त्याआधी १९५८च्या मायग्रेशन अ‍ॅक्टचं कलम ११६ चाळा. तुमच्या तिथे असण्याने लोकांच्या आरोग्याला, सुरक्षिततेला किंवा सुव्यवस्थेला धोका ‘आहे किंवा असू शकेल’, ‘होईल किंवा होऊ शकेल’ असं दिसलं, तर व्हिसा रद्द करता येतो. नव्या सुनेबद्दल सासूबाईंनाही इतक्या शक्यता सुचत नाहीत.

आता समजा नोटीस आली. रद्द करण्याचा फक्त विचार चालू आहे, तुमचं म्हणणं मांडा, असं त्यात अदबीने लिहिलेलं असतं. तुम्हीही अदबीने कागद जोडा: कॉलेजचं पत्र, हजेरी, बँकेचं स्टेटमेंट आणि पंधरवड्यात ४८ तासांच्या मर्यादेवर काम केलं नाही हे दाखवायला कॅफेच्या मालकाने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेलं, कॉफीचा डाग पडलेलं रोस्टर. सगळं ‘विचारात घेतलं’ जाईल. तक्रारीला जागा राहत नाही.

याहून भक्कम उत्तर हवं असेल तर टेनिसमध्ये जगात पहिला नंबर मिळवा. नोव्हाक जोकोविचने तेच केलं होतं. ५ जानेवारी २०२२च्या रात्री तो ऑस्ट्रेलियन ओपन खेळायला मेलबर्नला उतरला. कोरोनाची लस घेतली नव्हती, पण त्यातून सूट मिळाल्याचे कागद होते. उत्तर द्यायला सकाळी साडेआठपर्यंत वेळ आहे असं त्याला सांगितलं आणि ७ वाजून ४२ मिनिटांनी व्हिसा रद्द करून टाकला. मग कार्ल्टनच्या, सरकारने कोठडी म्हणून वापरलेल्या पार्क हॉटेलात रवानगी. तिथे आश्रय मागायला आलेले आणि २०१३पासून अडकलेले लोक आधीच होते. त्यांचा बॅकहँड बहुधा कच्चा असावा, कारण कॅमेरे जोकोविचच्या मागे आले.

१० जानेवारीला न्यायाधीश अँथनी केली यांनी विचारलं, या माणसाने आणखी करायला काय हवं होतं? व्हिसा रद्द करण्याचा निर्णयच रद्द झाला. वकिलाला पेढे द्यायला निघाला असाल तर जरा थांबा. चूक घड्याळाची निघाली होती, आणि कायद्यात घड्याळ नसलेलं कलमही आहे. १३३सीखाली मंत्र्याला ‘लोकहितासाठी’ स्वतः व्हिसा रद्द करता येतो आणि त्यातल्या एका वाटेने गेलं तर आधी तुमचं ऐकून घ्यावं लागत नाही. १४ जानेवारीला इमिग्रेशन मंत्री अ‍ॅलेक्स हॉक यांनी तेच केलं. जोकोविचकडून संसर्गाचा धोका नगण्य, हे त्यांनी स्वतःच लिहिलं. पण त्याला पाहून लसविरोधकांना बळ मिळू शकेल म्हणाले. लसीबद्दल आता तुझं मत काय, हे मात्र त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर उगाच उत्तर आलं असतं.

१६ तारखेला फेडरल कोर्टाच्या तिन्ही न्यायाधीशांनी जोकोविचचा अर्ज एकमताने फेटाळला. निर्णय शहाणपणाचा आहे का, हे पाहणं कोर्टाचं काम नाही. तो कायद्यात बसतो का, एवढंच पाहायचं. आणि कायद्यात ‘शकेल’ लिहिलेलं असताना काय बसत नाही? वर खर्चही जोकोविचवर.

व्हिसा रद्द झाल्यामुळे लागलेली तीन वर्षांची प्रवेशबंदी पुढच्या सरकारने त्याच वर्षी उठवली आणि जानेवारी २०२३मध्ये तो ऑस्ट्रेलियन ओपन दहाव्यांदा जिंकला. तेव्हा मास्टर्सची डिग्री करायला निघालेल्यांनी सरकार बदलेपर्यंत पुरतील एवढे पैसे बाळगावेत. आणि आईने दिलेलं मेतकूट विमानतळावरच्या कार्डावर आठवणीने लिहावं. न सांगता आणलेल्या खाण्यावरूनही तिथे व्हिसा रद्द होऊ शकतो.