आधी सोलां भिजणार की सेन्सर?

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे 'पाऊस आला' हे सांगायला यंत्र कशाला, असं कुणी विचारलं तर तो आगाऊपणा नव्हे. जुलैत रेन सेन्सर लावणं म्हणजे मांडवीत गळ्यापर्यंत उभं राहून पाणी कुठे आहे, असं विचारणं.

सेन्सरचे खरे दिवस एप्रिल-मे. अंगणात सोलां, म्हणजे आमसुलं, पसरलेली, बाजूला मिरच्या, सुपात पापड, जाळीखाली बांगडे. पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीचा, सगळा संसार उन्हात आणि घरातली मंडळी जेवून आडवी. अशा वेळी सत्तरी-सांग्याच्या, म्हणजे घाटाच्या, बाजूने ढग चढतात. रस आणि मीठ पाजून पाजून वाळवत आणलेली सोलां एका सरीत धुऊन निघतात, मीठ उतरतं आणि पुढे बुरशी धरते. त्यानंतर घरात जे बोललं जातं, ते टाळायला शंभरेक रुपयांचा सेन्सर स्वस्तच म्हणायचा.

बाजारात मिळतो तो साधा प्रकार असा: तळहातापेक्षा लहान बोर्ड, त्यावर कंगव्यासारख्या एकमेकींत अडकलेल्या उघड्या पट्ट्या. थेंब दोन पट्ट्यांवर पडला की त्यातून किंचित प्रवाह वाहतो. सोबत एक छोटं मॉड्यूल येतं, त्यावर थेंब पडल्याचं ओळखणारी एलएम३९३ ही चिप आणि निळ्या डबीतला पोटेन्शियोमीटर, म्हणजे सेन्सर किती हळवा ठेवायचा ते ठरवणारा स्क्रू. वर्दी द्यायला मॉड्यूलला बझर, म्हणजे छोटा भोंगा, जोडायचा. बोर्ड बाहेर, मॉड्यूल घरात, मध्ये दोन तारा. मॉड्यूलही बाहेर लावणारे शूर लोक आहेत. दर वर्षी नवीन मॉड्यूल तेच घेतात.

आता जागा. पावसाळ्यातला पाऊस नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून येतो, म्हणून वायरमन सवयीने समुद्राकडची भिंत धरतो. वळीव मात्र घाटाकडून, पूर्वेकडून येतो. पश्चिमेच्या पागोळीखाली बसवलेल्या सेन्सरला वळिवाची बातमी सगळ्यांत शेवटी कळते. पागोळीखाली दुसरा तोटा हा की पाऊस थांबला तरी कौलं ठिबकत राहतात आणि बझर वाजत राहतो. नारळाच्या झावळीखाली तेच. बोर्डाला वर उघडं आभाळच हवं.

बोर्ड सपाट ठेवू नका. २० ते ३० अंश कलता ठेवा, आणि एक कोपरा खाली येईल असा. सरळ कडेला शेवटचा थेंब हटून लोंबत राहतो, कोपऱ्यावरून तो पडतो. चिऱ्याच्या भिंतीत स्क्रू मारायचा मोह टाळा. चिरा जागोजागी भुसभुशीत असतो, रावळप्लग स्क्रूसकट हातात येतो. लाकडी वासा किंवा जीआय पाइप बरा. तार घरात शिरते ते भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा, आणि तारेला भोकाच्या खाली एक झोळ द्या. झोळ नसला तर पाणी तारेला धरून चालत चालत थेट मॉड्यूलपर्यंत येतं, आणि मग पाऊस आल्याचं सेन्सरशिवायही कळतं.

जोडणीत माणसं हमखास अडखळतात ती इथे. मॉड्यूलचा डीओ (डिजिटल आउटपुट) पिन कोरडं असताना ५ व्होल्ट देतो आणि ओलं झालं की शून्यावर येतो. उलटं वाटतं, पण तसंच आहे. बझर डीओ आणि ग्राउंडमध्ये जोडला तर कडक उन्हात तो कुरकुरत राहतो आणि पाऊस पडला की गप्प. शिवाय चिपला बझरचा भार झेपत नाही. मध्ये बीसी५५७ हा तीन पायांचा ट्रान्झिस्टर घाला, डीओ शून्यावर आला की तो बझर चालू करतो: एमिटर ५ व्होल्टला, बेस १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून डीओला, कलेक्टर बझरच्या प्लसला, बझरचा मायनस ग्राउंडला. चपटी बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. उलटा बसला तर बझर बोंबलायच्या ऐवजी कुजबुजतो. ५ व्होल्ट जुन्या मोबाइल चार्जरमधून घ्या. २३० व्होल्टची तार अंगणात न्यायची नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

तार लांब असेल तर पंप किंवा पंखा चालू करताना बझर उगाच दचकतो. मॉड्यूलमध्ये बोर्डाच्या दोन तारा येतात तिथे १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला की तो शहाण्यासारखा वागतो.

बोर्ड एकच लावला तर वळिवाचे पहिले टपोरे थेंब बोर्ड सोडून बाकी सगळीकडे पडतात, पापडांवर विशेषतः. दोन-तीन बोर्ड अंगणात पांगवून त्याच दोन तारांवर समांतर जोडा. कुठलाही एक भिजला तरी पुरे.

आता खोट्या बातम्या. कळंगुट-बाणावलीसारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या हवेचा पापुद्रा पट्ट्यांवर बसतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं, आणि रात्री दोन वाजता, चांदणं पडलेलं असताना, बझर पाऊस जाहीर करतो. कावळ्याची देणगीही तेच काम करते. ओल्या फडक्याने मीठ पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवा. पोटेन्शियोमीटर पिळून सेन्सर बधिर करण्यापेक्षा हे बरं.

आणि सगळ्यांत मोठा शत्रू खुद्द वीज. ओल्या पट्ट्यांतून एकाच दिशेने प्रवाह वाहत राहिला की प्लसची पट्टी विरघळत जाते, आधी काळी, मग हिरवी, मग गायब. मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम करता येणारी चिप) वापरणारे दर दहा सेकंदांनी क्षणभरच वीज देऊन वाचन घेतात, ते उत्तम. आपल्या ट्रान्झिस्टरवाल्या जोडणीत साधा स्विच पुरतो: सोलां बाहेर मांडताना चालू, संध्याकाळी आत घेताना बंद. रात्रीची मिठाची आवई त्यातच मिटते. विजा चमकायला लागल्या की सोलां आधी आत आणि लगेच चार्जरही सॉकेटमधून बाहेर.

चाचणी बादलीने करू नका. बोटं बुडवून दोन थेंब शिंपडा, आणि डीओचा दिवा तेवढ्यावर लागेल इथपर्यंत पोटेन्शियोमीटर हलक्या हाताने फिरवा. मग बोर्ड पुसून दिवा विझतो का बघा. बझर स्वयंपाकघरात नको, तिथे मिक्सर असतो. जो माणूस दुपारी सगळ्यांत गाढ झोपतो त्याच्या उशाशी लावा. जूनच्या पहिल्या आठवड्यात बोर्ड काढून, कोरडा करून डब्यात ठेवा. डब्यावर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर पुढच्या एप्रिलमध्ये नवीन घ्यावा लागतो.