टॅबवरचा हिरवा रंग आणि नववा प्रश्न

एका लेखात म्हटलंय की नर्सने टॅबवर प्रश्नावली भरून घेतली की पोरापोरींचं डिप्रेशन लवकर कळतं. बरोबर आहे, पण मी यावल तालुक्यात नर्स आहे म्हणून एक सांगते, पीएचक्यू-९ म्हणजे डिप्रेशन तपासायच्या ह्या प्रश्नावलीत ९ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ असे एकूण मार्क २७, जितके जास्त तितका त्रास जास्त, आणि ४ पर्यंत आले की बऱ्याच ॲपमध्ये हिरवा रंग दिसतो, म्हणजे काळजीचं काही नाही. पण नववा प्रश्न स्वतःला इजा करायच्या विचाराचा आहे, तिथे १ जरी आला ना तरी एकूण मार्क बघायचेच नाही, टॅब बाजूला ठेवून बोलायला बसायचं.

मागच्या उन्हाळ्यात दहावीची एक पोरगी आली, आई शेजारीच बसलेली, पोरीने सगळीकडे शून्य टिचकवलं. मग मी आईला केसपेपर काढायला पाठवलं न अहिराणीत विचारलं तर खाली बघत म्हणे "माले काही गोड लागत नही". पुन्हा भरून घेतलं तर १३ आले!! प्रश्न पुस्तकी मराठीत असतात हो, आमच्याकडच्या पोरांना ते परक्याचे वाटतात.

टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर खूप चांगला आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे न २४ तास लागतो, पण घरात मोबाईल एकच न तोही बापाच्या खिशात, म्हणून मी तिथेच दवाखान्यातल्या फोनवरून लावून देते आणि दार लोटून बाहेर उभी राहते.