साठ हजारची गोळी आणि संगणकाचा दाखला

गेल्या आठवड्यात आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एका काकांनी मोबाइल पुढे केला. "हे वाचा, आणि साठ हजारच्या दहा द्या." म्हणजे व्हिटॅमिन डीच्या साठ हजार युनिटच्या गोळ्या. मेसेज असा: 'ब्रिस्टल विद्यापीठाच्या संगणकाने सिद्ध केले! व्हिटॅमिन डी, के आणि ए कोरोनाच्या काट्याला चिकटून त्याला निकामी करतात. रोज एक घ्या, नुकसान काहीच नाही.' चिठ्ठी नव्हती, मी दिल्या नाहीत. काका चिडून समोरच्या दुकानात गेले.

'सिद्ध केले' इथूनच गडबड सुरू होते. अभ्यास खरा आहे, २०२१ चा. विषाणूच्या स्पाइक प्रथिनात, म्हणजे मेसेजमधल्या 'काट्या'त, स्निग्धाम्ल (चरबीचा एक घटक) बसेल अशी एक खोबण आहे. तिथे लिनोलेइक आम्ल हे स्निग्धाम्ल बसलेलं २०२० मध्ये प्रत्यक्ष दिसलं होतं. त्याच खोबणीत आणखी काय बसेल हे संगणकावर पाहिलं, त्यात ही व्हिटॅमिनं निघाली. 'बसू शकतील', एवढंच. अशा कामात बहुतेकदा डॉकिंग वापरतात: रेणू सगळ्या बाजूंनी बसवून बघायचा, मग प्रोग्रॅम पकडीला किलोकॅलरीत गुण देतो; गुण जितके उणे, तितकी पकड घट्ट. ऑटोडॉक व्हिना हा त्यातला गाजलेला प्रोग्रॅम, आणि त्याच्या अंदाजात सुमारे तीन किलोकॅलरींची चूक धरूनच चालावं लागतं. उणे ७ आणि उणे ९ मधला फरक त्या चुकीतच बुडतो.

आपल्याकडे सोलापुरात चादरीची डिझाइन आता संगणकावर होते. स्क्रीनवर मोर झकास दिसतो. पण ताण्याचा धागा टिकतो का, लाल रंग पांढऱ्यावर उतरतो का, हे मागावर चढवून चादर बादलीत बुडवल्याशिवाय कोण सांगणार? डॉकिंग म्हणजे स्क्रीनवरचा मोर.

'चिकटून निकामी करतात' म्हणे. रक्तातलं व्हिटॅमिन डी जवळजवळ सगळं वाहक प्रथिनांना बांधलेलं असतं. काट्यापर्यंत किती पोचणार? बादलीतली परीक्षाही झाली आहे. ब्राझीलमध्ये दवाखान्यात दाखल कोरोनाच्या २४० रुग्णांपैकी निम्म्यांना एकदाच २ लाख युनिट डी दिलं. त्यांचा दवाखान्यातला मुक्काम कमी झाला नाही. (संगणक बिनकामाचा नव्हे. कोरोनावरच्या पॅक्सलोविड या औषधातलं निर्माट्रेल्विर विषाणूच्या प्रथिनाची रचना समोर ठेवूनच घडवलं, पण नंतर दोन हजारांहून जास्त रुग्णांवर तपासलं, तेव्हा औषध ठरलं.)

आणि 'नुकसान काहीच नाही'? याचाच मला राग येतो. डी चरबीत साठतं. साठ हजारची गोळी कमतरता असेल तर सहसा आठवड्यातून एक, ठरावीक आठवडे. रोज घेत राहिलात तर रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. वॉरफरिन चालू असलेल्याने आपल्या मनाने के घेतलं तर रक्त पातळ ठेवायचं औषध फिकं पडतं. गरोदरपणात ए जास्त झालं तर बाळाला अपाय. कमतरता सोलापुरातही असते, ऊन कितीही असो. दिवसभर कारखान्यात आणि दुकानात बसणाऱ्यांच्या अंगावर ते पडतं कुठे? त्यासाठी तपासणी आहे, डॉक्टर आहेत.

काका परवा परत आले, बीपीच्या गोळ्या न्यायला. खिशातून समोरच्या दुकानाची पट्टी काढली. चार संपल्या होत्या. उरलेल्या सहा बाजूला ठेवायला सांगितल्या आणि डॉक्टरांना विचारून कॅल्शियम तपासून घ्या म्हटलं. "मेसेज तर पुढं पाठवला मी," ते हळूच म्हणाले, "गड्ड्याच्या जत्रेच्या ग्रुपवर."